सगळं चालू, फक्त घड्याळ बंद

जुनी गाडी बघायला गेलं की मालक एकेक गोष्ट दाखवत जातो, इंजिन ऐका, पत्रा बघा, वायपर फिरवून दाखवतो, हॉर्न वाजवतो, आणि मग डॅशबोर्डकडे बोट करून अगदी सहज म्हणतो, "सगळं चालू आहे बरं का, फक्त घड्याळ तेवढं बंद आहे, पण ते काय, कुणाच्याच गाडीत चालत नाही." आणि आपणही मान डोलावतो, कारण ते खरंच असतं. माझी गाडी घेताना मीही हेच वाक्य ऐकलं. तेव्हापासून डोक्यात एकच घोळत राहिलं की सगळ्यांच्याच गाडीतलं घड्याळ बंद का पडावं? इंजिन साठ साठ वर्षं टिकतं, गिअरबॉक्स टिकतो, आणि तळहाताएवढं घड्याळच नेमकं कसं काय मरतं?

डॅशबोर्डवरच्या बाकीच्या तबकड्या बघा. स्पीडोमीटर, ऑइल प्रेशर, टेम्परेचर, फ्युएल, गाडी बंद केली की हे सगळे काटे खाली येऊन पडतात, त्यांचं काम संपलं. घड्याळाचं तसं नाही. चावी काढून खिशात टाकली, दार लावलं, गाडीवर कव्हर घातलं, तरी ते चालूच. त्याची वायर चावीच्या अलीकडूनच आलेली असते, कायम लाइव्ह. (ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगमध्ये फ्यूजमधून आलेल्या कायम लाइव्ह वायरला जांभळा रंग दिलेला असतो, त्यामुळे तिथे ती शोधायला सोपं जातं.) म्हणजे गाडी दहा वर्षांत कितीही कमी पळालेली असो, घड्याळ त्याच दहा वर्षांत 87,600 तास चाललेलं असतं. अख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त राबलेला पार्ट तोच, आणि आपण त्यालाच सगळ्यात आधी सोडून देतो. मला हे मनापासून खटकतं.

गाडीत घड्याळ आलं ते आधी साध्या किल्लीच्या घड्याळाच्या रूपात. एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालणारी घड्याळं डॅशबोर्डवर बसवायचे, काहींना तर काचेभोवतीची कडी फिरवूनच किल्ली द्यायची सोय होती. ह्यॉयर (Heuer) ह्या स्विस घड्याळ कंपनीने 1911 मध्ये 'टाइम ऑफ ट्रिप' नावाचं डॅशबोर्डचं घड्याळ पेटंट केलं, 11 सेंटीमीटर व्यासाचं, मधल्या मोठ्या काट्यांवर चालू वेळ आणि बाराच्या खाली छोट्या तबकडीत प्रवासाला निघून किती वेळ झाला ते. पुढे 1958 मध्ये त्यांचीच 'मास्टर टाइम' हे आठ दिवसांचं घड्याळ आणि 'मॉन्टे कार्लो' हे स्टॉपवॉच अशी शेजारी शेजारी बसवलेली जोडी आली, रॅलीवाल्यांसाठी, कारण रॅलीत सेकंदाला किंमत असते. पण रोजच्या गाडीच्या मालकाला किल्ली देत बसायचा कंटाळा, त्यामुळे हळूहळू बॅटरीवर चालणारी घड्याळं आली आणि तीच रुळली. त्यांचा दिमाखही होता, 1958 मध्ये जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वीने रोल्स-रॉइससाठी जी जाहिरात लिहिली तिच्या मथळ्यात ताशी साठ मैलांना गाडीतला सगळ्यात मोठा आवाज इलेक्ट्रिक घड्याळाचा आहे असं म्हटलंय. आणि जॅग्वारच्या 1961 च्या ई-टाइपमध्ये तर घड्याळ आरपीएम मीटरच्या तबकडीतच खाली बसवलंय, म्हणजे ते बंद असेल तर रोज नजरेसमोर.

आता 'इलेक्ट्रिक घड्याळ' म्हटलं की वाटतं आत मोटर असेल. माझ्या घड्याळात तशी मोटर नाहीच, आणि त्या काळातल्या खूप गाड्यांत, विशेषतः अमेरिकन गाड्यांत, हाच प्रकार असायचा. आत आहे ते शुद्ध चावीचं घड्याळ, बॅलन्स व्हील (इकडून तिकडे झुलून घड्याळाची चाल ठरवणारं चाक), हेअरस्प्रिंग (त्याला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग), दातेरी चाकं, सगळं. फक्त त्याला चावी द्यायचं काम माणसाऐवजी वीज करते. एक छोटी स्प्रिंग असते, ती ताणलेली असते, ती सैल होत होत घड्याळ चालवते, आणि ती सैल होताना तिच्याबरोबर एक आर्म हळूहळू खाली येत असतो. एकदोन मिनिटांत त्या आर्मवरचा कॉन्टॅक्ट समोरच्या कॉन्टॅक्टला टेकतो. टेकला की सर्किट पूर्ण होतं, कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, करंट जातो, कॉइल आर्मला जोरात फेकते, 'टक्', स्प्रिंग पुन्हा ताणली, कॉन्टॅक्ट सुटला, करंट बंद, आणि पुढची दोन मिनिटं पुन्हा विजेशिवाय. बंद गाडीत शांत बसलात तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो, ज्याला माहीत नाही तो दचकतो.

दर दोन मिनिटांनी एकदा धरलं तर दिवसाला 720 वेळा, वर्षाला अडीच लाखांच्या वर. आणि प्रत्येक वेळी कॉन्टॅक्ट सुटताना बारीकशी ठिणगी पडते, कारण कॉइलमधला करंट एकदम तोडला की तिला तो तुटायला नको असतो, ती मोठा व्होल्टेजचा झटका देते. जुन्या गाडीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, डिस्ट्रिब्युटरमध्ये (इंजिनच्या प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागात) पॉइंट, म्हणजे असेच कॉन्टॅक्ट, खराब होतात ते ह्याच ठिणगीने, म्हणून तर तिथे कंडेन्सर असतो. आपण डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट नियमाने घासतो, बदलतो, गॅप लावतो. घड्याळातही पॉइंट आहेत हे कितीजणांना माहीत असतं?

पण खरी गोम ठिणगीत नाही. खरी गोम बॅटरीत आहे, आणि हे मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यातल्या त्या 'सगळ्यांचंच का बंद पडतं' ह्या प्रश्नाला एकदम उत्तर मिळालं. गाडी उभी राहते, आठवडे जातात, महिने जातात. चांगली भरलेली 12 व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 ते 12.7 दाखवते, मग ती हळूहळू उतरत जाते, उतरवण्यात घड्याळाचाही थोडा हात असतोच. व्होल्टेज पडलं की कॉइलचा जोर कमी होतो. जोर कमी झाला की आर्म पूर्ण फेकला जात नाही. आणि एका रात्री असं होतं की आर्म कॉन्टॅक्टला टेकतो, कॉइल त्याला ढकलायला बघते, पण त्याला उचलण्याएवढी ताकदच नसते, तो तसाच टेकून राहतो. जी कॉइल क्षणभराच्या करंटसाठी बनवलीय तिच्यातून आता करंट वाहतच राहतो. ती तापते, तारेवरचं इनॅमल (वेढे शॉर्ट होऊ न देणारा पातळ थर) जळतं, आणि खेळ खलास. काही घड्याळांत ह्यासाठी कमी तापमानाला वितळणारा सोल्डरचा डाग दिलेला असतो, कॉइल तापली की तो वितळून पत्ती सुटते आणि कॉइल वाचते. ज्यांत ही सोय नाही ती जळतात.

म्हणजे बॅटरी पूर्ण काढून ठेवली तर ह्या घड्याळाला काहीही होत नाही, ते नुसतं थांबतं. उपाशी ठेवलं तर चालतं त्याला, अर्धपोटी ठेवलं की जीव जातो. आणि हौसेच्या जुन्या गाड्या बहुतेक अशाच अर्धपोटी उभ्या असतात. गाडी वापरून घड्याळ बिघडत नाही, गाडी न वापरल्याने बिघडतं.

माझं घड्याळ मी बाहेर काढलं तेव्हा आधी बॅटरीचं अर्थिंगचं (बॉडीला जोडलेलं) टर्मिनल काढलं, हे सांगायची गरज नाही पण सांगतो, कारण डॅशबोर्डच्या मागे हात घातला की पाना कुठे टेकेल ते दिसत नाही आणि ती वायर कायम लाइव्ह असते. मागचे नट काढले, बल्बचा होल्डर ओढून काढला, घड्याळ हातात आलं. सगळ्यात आधी मल्टीमीटर लावून कॉइल बघितली. इथे रीडिंग काही ओहम आलं तर जीव आहे, मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलीय किंवा तो सोल्डरचा डाग सुटलाय, म्हणून डाग बघितल्याशिवाय कॉइल गेली असं म्हणू नये. माझी कॉइल शाबूत निघाली. ह्या घड्याळाच्या आधीच्या मालकाने बहुतेक बॅटरी काढून ठेवली असावी, त्याचे उपकारच.

मग काचेभोवतीची कडी. ती स्क्रूने बसवलेली नसते, पत्र्याची कड मागे वळवून दाबलेली असते, आणि हे उघडणं हा सगळ्या कामातला जीव मुठीत धरायचा भाग. एका जागी जोर लावून उचकटली की कडीला पोक येतो आणि तो पोक पुढे कायम दिसतो. म्हणून बोथट पत्ती घेऊन एका ठिकाणी केसभर उचलायची, थोडं सरकायचं, पुन्हा केसभर, असं पूर्ण गोल फिरून यायचं, मग पुन्हा गोल. वेळ लागतो. लागू दे. कडी सुटली, काच निघाली, आणि तबकडी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर आली. तिला बोट लावायचं नाही, कापडाने पुसायचं तर अजिबात नाही, कारण जुन्या तबकडीवरचे आकडे रंगाच्या पातळ थराचे असतात आणि ओल्या कापडाबरोबर आख्खा 'सात' निघून येऊ शकतो. नुसती फुंकणीने हवा मारायची.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. घड्याळ जुनं असेल, साठच्या दशकापर्यंतचं, आणि आकड्यांवर किंवा काट्यांवर पिवळट तपकिरी झालेला अंधारात चमकणाऱ्या प्रकारचा रंग असेल, तर तो किरणोत्सारी रेडियमचा असू शकतो. तो आता चमकत नाही म्हणजे संपला असं नाही, चमकणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं, रेडियम-226 चा अर्धायुकाल 1600 वर्षं आहे. असा रंग खरवडू नका, फुंकू नका, घरात टेबलावर तर उघडूच नका, ते काम ज्याच्याकडे त्याची सोय आहे त्याच्याकडेच द्या. माझं घड्याळ साठच्या दशकातलं, बल्बच्या उजेडावर दिसणारं, रंग साधा पांढरा, तरी तपासून घेतल्यावरच मी पुढे गेलो.

काटे काढून, तबकडी बाजूला ठेवून आतला भाग भिंगाखाली धरला. पॉइंट बघण्यासारखे होते. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर त्या खड्ड्यात बसेल असा उंचवटा, दोन्हीवर काळी काजळी, आणि बाकी सगळ्या चाकांच्या खुंट्यांवर तेलाचा जो अंश होता तो सुकून मधाच्या रंगाचा चिकट थर झालेला. बॅलन्स व्हीलला चिमट्याने हळूच ढकललं तर ते अर्धा हेलकावा घेऊन थांबलं. म्हणजे रोग दुहेरी. काजळीमुळे करंट नीट जात नाही आणि आतून सगळं जड झालंय. कितीतरी लोक इथे एक शॉर्टकट मारतात, मागच्या भोकातून स्प्रे कॅन मारतात, आणि घड्याळ चालूही होतं, दोनचार आठवडे. मग तो स्प्रे धूळ धरतो, हेअरस्प्रिंगच्या वेढ्यांना चिकटतो, वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ वेड्यासारखं पुढे पळायला लागतं, आणि आता पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. हेअरस्प्रिंगला तेल लागता कामा नये हा ह्या कामातला सगळ्यात मोठा नियम.

पॉइंट मी अगदी बारीक फाइलच्या पट्टीने घासले, उंचवटा गेला, खड्डा पूर्ण घालवायच्या मागे लागलो नाही कारण तेवढा धातू कमी करण्यात अर्थ नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला साधा कागद दोन्ही पॉइंटच्या मधे धरून ओढला, पहिल्यांदा कागदावर काळी रेघ, मग करडी, मग काहीच नाही. बॅलन्स व्हील वेगळं काढून ठेवलं, प्लेटा आणि चाकं धुतली, खुंट्या जिथे फिरतात ती भोकं लाकडी काडीला टोक करून एकेक साफ केली. कॉइल मात्र कुठल्याही द्रावणात बुडवायची नाही, तारेवरचं इनॅमल जुनं असतं. परत जोडल्यावर घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढं, फक्त खुंट्यांना. दात्यांना नाही.

आणि कॉइलला समांतर एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) लावला. हे मूळ घड्याळात नव्हतं, पण मला वाटतं ही एक भर घालायला हरकत नाही, कॉन्टॅक्ट सुटताना कॉइलचा झटका डायोडमधून फिरून जिरतो आणि पॉइंटवर ठिणगी जवळजवळ पडत नाही. फक्त दिशा नीट बघायची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, तिथे डायोड उलटा होतो, आणि चुकीचा बसला तर सरळ शॉर्ट. 6 व्होल्टचं जुनं घड्याळ 12 व्होल्टच्या गाडीत लावणाऱ्यांनीही आधी दहा वेळा विचार करावा.

टेबलावर करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय लावून चालू केलं. 'टक्'. आर्म उडाला, स्प्रिंग ताणली, बॅलन्स व्हील इकडून तिकडे झुलायला लागलं, आणि मी नुसता बघत बसलो. आर्म इतका सावकाश खाली येतो की नजरेला हललेला दिसत नाही, मधे दुसरीकडे बघून परत बघितलं तर मात्र जागा बदललेली असते, शेवटी पॉइंटमधली फट कागदाएवढी, मग तेवढीही नाही, आणि 'टक्'. त्या क्षणी बॅलन्स व्हील जरासुद्धा अडखळत नाही, हे ज्याने कुणी डिझाइन केलं त्याला सलाम. मग मी मुद्दाम व्होल्टेज हळूहळू उतरवत नेलं, एक हात स्विचवर ठेवून. आवाज बदलत गेला. आधी खणखणीत, मग मऊ, मग नुसता 'टप्', आणि मग एक वेळ अशी आली की आर्म टेकला आणि थरथरत तिथेच राहिला, अँपिअरचा काटा वर चढला आणि तसाच राहिला. लगेच बंद केलं. जे वाचलं होतं ते डोळ्यांनी बघितलं, जळणारी घड्याळं अशीच जळतात.

ह्या सगळ्या खटाटोपाच्या आधी एका मित्राने सांगितलं होतं, "अरे क्वार्ट्झ मशीन टाक आत आणि मोकळा हो." त्याचं म्हणणं चूक नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो, गाड्यांच्या बऱ्याच घड्याळांत तर 41,94,304 वेळा कंप पावणारा स्फटिक असतो, तो बावीस वेळा निम्मा करायचा. अचूकतेत चावीचं घड्याळ त्याच्या जवळपासही जाऊ शकत नाही, त्यात गाडीतलं, जिथे एका दिवसात थंडी, कडक ऊन, खड्डे, सगळं सोसायचं असतं. कॉइल पार जळली असेल, चाक मोडलं असेल, पार्ट मिळत नसतील, तर क्वार्ट्झ टाकणं हे घड्याळ बंद ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरं, फक्त मूळ मशीन फेकू नये, डबीत नाव लिहून गाडीबरोबर ठेवावं. पण चांगल्या कॉइलचं, नुसतं मळलेलं मशीन काढून टाकायचं हे मला जमत नाही. गाडीत मूळ कार्बुरेटर ठेवायला आपण किती धडपडतो, त्याचं ट्यूनिंग सारखं बिघडतं तरी. मग घड्याळानेच काय पाप केलंय?

आणि ह्या जुन्या मशीनमध्ये एक अशी गोष्ट आहे जी क्वार्ट्झमध्ये नाही. काही अमेरिकन घड्याळांत वेळ लावायची खुंटी आतून रेग्युलेटरलाही (घड्याळाची चाल कमीजास्त करणाऱ्या पट्टीलाही) जोडलेली असायची. घड्याळ मागे पडलं म्हणून तुम्ही काटे पुढे केले की रेग्युलेटर किंचित 'फास्ट'कडे सरकायचा, पुढे गेलं म्हणून मागे केले की 'स्लो'कडे. म्हणजे मालकाने नेहमीप्रमाणे फक्त वेळ दुरुस्त करत राहायचं, आणि काही वेळा असं झालं की घड्याळ स्वतःच वळणावर यायचं, मागचं झाकण उघडायची गरज नाही. चाकं आणि पत्त्यांनी केलेलं हे काम आहे, एकही चिप नाही. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. माझ्या घड्याळात ही सोय नाही, मागे एक साधा लिव्हर आहे, एका टोकाला अधिक, एका टोकाला उणे. टेबलावर उभं, आडवं, आणि डॅशबोर्डवर जसं तिरकं बसतं त्या कोनात ठेवून मी तो लावला, कारण बॅलन्स व्हीलवाल्या घड्याळाची चाल कोन बदलला की बदलते. गाडीत बसवल्यावर पुन्हा थोडा सरकवावा लागला. आता आठवड्याला काही मिनिटं पुढे जातं आणि मी त्याला आणखी त्रास द्यायचा नाही असं ठरवलंय.

उरला प्रश्न उभ्या गाडीचा. दोनच मार्ग आहेत. एक तर बॅटरी मेंटेनर कायम लावून ठेवायचा, म्हणजे व्होल्टेज उतरतच नाही आणि घड्याळ अखंड चालतं. नाहीतर बॅटरीला कट-ऑफ स्विच, गाडी ठेवताना फिरवायचा, घड्याळ थांबतं आणि सुरक्षित राहतं. घड्याळ अखंड चालावं असं मला मनातून वाटतं, पण मी कट-ऑफ निवडला, कारण मेंटेनरची वीज नेमकी गेली आणि मी जागेवर नसलो तर पुन्हा तीच अर्धी भरलेली बॅटरी आणि तोच टेकून राहिलेला आर्म. शिवाय दिवसाला 720 वेळा पॉइंट उघडमीट करायचे कशासाठी, जर वेळ बघायला गाडीत कुणी नाही? त्यामुळे आता गाडी बाहेर काढायची म्हटलं की स्विच फिरवतो, ती 'टक्' ऐकू येते, वेळ लावतो, मग बाकीचं. 'टक्' खणखणीत आली तर बॅटरी ठीक, मऊ आली तर आधी चार्जर, व्होल्टमीटर नंतर बघितला तरी चालतं.

पॉइंट मात्र कायमचे नाहीत, डायोड लावला तरी झिजणार, आणि हे बारीक पॉइंट नवीन आणून बसवायला सोपे नाहीत. म्हणून त्याच मॉडेलचं एक जळकं घड्याळ आणून ठेवलंय, कॉइल कोळसा झालीय पण पॉइंट माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि बॅलन्स व्हीलही मोकळं फिरतंय. सध्या त्याची कडी उघडायचं काम चालू आहे, अर्धा गोल झालाय.